ओठात धरलेला स्क्रू

४ फेब्रुवारी

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र पोचलं. दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा डोळ्यांवर विश्वास बसला नाही. विद्यापीठाचा तो कुटुंबाच्या इतिहासाचा मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम म्हणे तूही घेतलास. मागच्या पत्रात मी त्याबद्दल लिहिलं होतं ते तू माझं कौतुक करावंस म्हणून, स्वतःचं नाव घालावंस म्हणून नव्हे. मी केस कापले, महिन्याभरात तू कापलेस. मी तपकिरी कोट शिवला, तर तुझा त्याच कापडाचा निघाला, आणि तुला तो जास्त शोभतो हे लोकांनी मला घरी येऊन सांगितलं. निवृत्तीनंतर एक गोष्ट तरी माझी एकटीची असेल असं वाटलं होतं.

नोंदणी तुझ्या चष्मेवाल्यांनीच करून दिली असणार. त्यांना माझा निरोप सांग, गिऱ्हाइकांच्या नाकावर लक्ष ठेवा, बायकोच्या शिक्षणावर नको.

असो. आता घेतलाच आहेस तर नियम ठरवून घेऊ. आईची बाजू मी करणार, वडिलांची तू कर. मावशीकडे मी जाणार. आईची ही एकच बहीण उरली आहे, शिवाय तिचा वृद्धाश्रम माझ्या घरापासून बसने जवळ आहे. तू तिच्या वाटेला जाऊ नकोस. तुझ्यासमोर लोक बोलत सुटतात आणि मग माझ्यासाठी काही उरत नाही, हे मी लहानपणापासून पाहत आले आहे.

पहिल्या आठवड्याचा माझा तक्ता झालासुद्धा. पहिली चौकट स्वतःची असते, आणि प्रत्येक गोष्टीपुढे ती कुणाकडून कळली ते लिहायचं. मी लिहिलं : सहाव्या वर्षापासून कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात. कारण, असामान्य बुद्धी. सांगणार, आई. दुकानांवरच्या पाट्या मी घडाघडा वाचायचे, आणि एका सिस्टरने ते ऐकून आईपाशी मला मागून घेतलं, हे तुला पाठच आहे. तुझ्या चौकटीत शाळेपुढे काय लिहिणार आहेस? कोपऱ्यावरची, एवढंच ना?

उत्तर पत्रानेच दे. फोन करू नकोस. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सारा जन्म दुसऱ्यांची बोलणी जोडण्यात गेला, आता कानाला काही लावावंसं वाटत नाही.

लोभ आहेच, त्यात नक्कल नसावी.

तुझी
ताई


११ फेब्रुवारी

ती. ताईस,
कृतानेक सा. न. वि. वि.

रागावलीस ते वाचून बरं वाटलं. तू रागावली नसतीस तर तब्येतीची चौकशी करायला गाडी पकडावी लागली असती. कोटाचं म्हणशील तर तो मी तुझ्या आधी शिवायला टाकला होता, शिंप्याने उशीर केला. पण हे मी तीस वर्षं सांगते आहे आणि तू तीस वर्षं ऐकत नाहीस.

वडिलांची बाजू मला मान्य. त्यांच्याकडचं कुणीच उरलेलं नाही, आणि होते तेव्हाही कुणी फारसं बोलत नव्हतं. म्हणून मी पहिल्या आठवड्यात त्यांच्या दाढीच्या आरशाबद्दल लिहिलं. तो आरसा ते बसकी खुर्ची ओढून खाली बसून बघायचे, कारण आईने खिळा तिच्या उंचीला ठोकला होता आणि त्यांनी तो कधी काढला नाही, एवढंच. चर्चेच्या पानावर लोकांना ते का कोण जाणे फार आवडलं. खूप जणांनी आपापल्या घरच्या आरशांचं लिहिलं. प्राध्यापिकाबाईंनी स्वतः उत्तर दिलं की पुरावा असा असतो. आमचे हे म्हणाले, बाई हुशार आहे, पण तिची ती लाल फ्रेम तिच्या चेहऱ्याला रुंद होते.

शाळेपुढे मी कोपऱ्यावरची असंच लिहिलं. तुझी ती निळी पेटी, नाव कोरलेली, सुट्टीत तू कुलूप लावून ठेवायचीस. मी तिचा वास घ्यायची, फटीतून. ते तक्त्यात कुठे लिहायचं ते कळलं नाही.

मावशीकडे मी जाणार नाही. शब्द.

माया आहे ती अशीच रागावत राहू दे.

तुझी
बारकी


२३ फेब्रुवारी

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

आरसा. तो आरसा मीही रोज पाहिला आहे. म्हणजे सुट्टीत रोज. त्यात लिहिण्यासारखं काही असेल असं मला वाटलं नाही, आणि तुला वाटलं, आणि प्राध्यापिकेने स्वतः उत्तर दिलं. अभिनंदन करते. मनापासून नाही, पण करते.

माझ्या लेखाला एकच उत्तर आलं. कुणी निवृत्त खलाशी आहे, त्याने लिहिलं की माहिती भरपूर आहे. आईचं सगळं आयुष्य मी सरळ क्रमाने, एकही चूक न करता लिहिलं, आणि लोक खिळ्यावर भाळले.

त्याहून वाईट पुढे आहे. या अभ्यासक्रमात विद्यार्थ्यांनी एकमेकांचं काम तपासायचं असतं, नाव न कळता. माझ्या तक्त्यावर कुणीतरी लिहिलं आहे : शाळेचं कारण तुम्हाला ज्या व्यक्तीने सांगितलं, तिचा त्यात काही स्वार्थ होता का? आणखी कुणाला विचारलंत का? स्वार्थ, आणि आईचा. बारके, मी तुझा हात ओळखते. गोड बोलून चिमटा काढायची पद्धत तुझीच. मी वर तक्रार करणार होते, पण तक्रारीचं बटण सापडलं नाही.

तरी मी मावशीकडे गेले. सगळे प्रश्न ओळीने लिहून नेले होते. प्राध्यापिका सांगते की प्रश्न विचारा आणि थांबा, समोरच्या माणसाला दुरुस्त करू नका. सोपं आहे म्हणायला. मावशीने आईचं लग्न थंडीत झालं म्हटलं, ते उन्हाळ्यात झालं होतं, मी सांगितलं. तिने आजोबांना दोन भाऊ म्हटलं, तीन होते, मी सांगितलं. ती जरा थांबली की मी पुढचा प्रश्न द्यायचे. एक्स्चेंजची सवय, लाईन गप्प झाली की बोलणं संपलं असं समजायचं. शेवटी तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली की तुला सगळं ठाऊक आहे तर मी काय सांगू. मग गुडघ्यांचं बोलली, आणि मग तुझी चौकशी केली. बारकी कशी आहे, बारकी कधी येणार, बारकीने दिलेली उशी किती मऊ. काचेच्या व्हरांड्यात ऊन चांगलं होतं आणि मी घरी आले.

तिला मी लहानपणीसुद्धा फारशी आवडत नव्हते, असं मला नेहमी वाटत आलं आहे. वसतिगृहात ती मला एकदाही भेटायला आली नाही.

लोभ ठेवायचा की नाही ते तपासणीचं कबूल केल्यावर ठरवू.

ताई


३ मार्च

ती. ताईस,
कृतानेक सा. न. वि. वि.

तुझा तक्ता तपासणारी मी नव्हे. तुला हे कुणी सांगितलं, असं विचारायचं धाडस मला जन्मात झालेलं नाही. मला तपासायला तक्ता आला होता तो कुणा मधमाश्या पाळणाऱ्याचा.

आता जे लिहायचं आहे ते लिहिण्याआधी हात धुऊन आले, म्हणजे किती घाबरले आहे ते बघ. मी मावशीकडे गेले होते. शब्द मोडायला नाही. तिच्या आश्रमातल्या परिचारिकेचा दुकानात फोन आला की म्हातारीच्या चष्म्याची काडी निखळली आहे आणि ती दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. ह्यांना दुकान सोडून जाता येत नव्हतं, म्हणून पेचकस घेऊन मी गेले.

काडीचा स्क्रू केवढा असतो तुला माहीत आहे, मोहरीएवढा. खाली पडला की गेला. म्हणून काम करताना आम्ही तो ओठात धरतो. तेव्हा मी स्क्रू ओठात धरून बसले होते, आणि मला बोलताच येत नव्हतं. मावशी आधी गप्प होती. मग बोलायला लागली. मी काही विचारलं नव्हतं, ताई. तूच बघ, विचारणार कशाने?

तुला शाळेत का घातलं ते तिने सांगायला घेतलं. सगळं नाही सांगितलं. स्क्रू बसला, मी तोंड उघडून बरं हं मावशी म्हटलं, आणि ती थांबली. पण जेवढं सांगितलं तेवढं आपण समजतो तसं नाही. त्यात पाट्याही नाहीत, सिस्टरही नाही.

मी ते कुठेही लिहिलेलं नाही, ह्यांनाही सांगितलेलं नाही, आणि तुलाही सांगणार नाही. कंजूषपणाने नाही. ते तुझं आहे. तू जाऊन घे.

मी आयुष्यभर तुझ्यावर जळले हे तुला माहीत आहे का? पायमोज्यांवर, त्या पेटीवर, तू सुट्टीत जेवताना पाठ ताठ ठेवायचीस त्यावर. आई तुझी पत्रं दाराशी उभी राहून वाचायची आणि मला हातात द्यायची नाही. मला वाटायचं मी घरी उरले, कारण मी नेण्यासारखी नव्हते.

रागावलीस तरी लिही.

बारकी


७ मार्च

बारकीस,

स्क्रू ओठात होता म्हणे. एक्स्चेंजमध्ये मुली दुसऱ्यांचं बोलणं चोरून ऐकताना सापडल्या की याहून बरी कारणं द्यायच्या, आणि मी त्यांना घरी पाठवायचे.

माझी मावशी, माझी शाळा, माझं कारण. तिन्हींनाही तू हात लावलास, आणि वर ते मला परत देतेस, जसं काही ते तुझ्या दुकानात दुरुस्तीला आलं होतं. तू घरी राहिलीस, आईपाशी राहिलीस. रोज तिच्या हातून केस विंचरून घेतलेस. माझ्याकडे एक गोष्ट होती, की मला निवडून नेलं. तीही तुझ्या हातात गेली.

जे ऐकलंस ते सरळ लिहून पाठव. मी मावशीकडे जाणार नाही. प्रश्नांचा कागद फाडला आणि अभ्यासक्रमातून नाव काढलं. ते बटण मात्र लगेच सापडलं.

ताई


१२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

लिहून पाठवणार नाही. माझ्याकडून कळलं तर आयुष्यभर म्हणशील की बारकीने आपल्याकडचं मीठमसाला लावलं.

शेवटचं काम द्यायला अजून दोन आठवडे आहेत, आणि नाव काढलं तरी पुन्हा घालता येतं, हे तू न विचारता सांगते. माझ्या तक्त्यात तुझ्या शाळेपुढची जागा मी कोरी ठेवली आहे.

सोबत कागदाच्या पुडीत एक स्क्रू पाठवते आहे. नवा आहे, उकळून पुसला आहे. मावशीसमोर बसलीस की खालच्या ओठाच्या आत धर. जीभ लावू नकोस. गिळलास तर हे म्हणतात काही होत नाही, त्यांनी तीन गिळले आहेत.

गुरुवारी दुपारनंतर जा, तेव्हा व्हरांड्यात कुणी नसतं. मावशीला आवडणारा बिस्किटांचा डबा ने, मी नेते तोच, निळ्या झाकणाचा.

आपल्यात जे आहे ते तुटणार नाही अशी खात्री धरून,

बारकी


२१ मार्च

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

मावशीचा चष्मा तुमच्या दुकानात आहे, नव्या काचा घालायला, हे तू मला लिहिलं नव्हतंस. विसरलीस असं तू म्हणशील. मी तुला साठाहून जास्त वर्षं ओळखते.

गेले. जायचं नव्हतं, पण सकाळपासून तो स्क्रू टेबलावर पडून माझ्याकडे बघत होता. शेजारच्या दंतवैद्य बाईंना विचारलं की ओठात असं काही धरलं तर चालतं का. त्यांनी माझं वय विचारलं. बसमध्ये रुमालात बांधून नेला आणि आश्रमाच्या दारात, कुणी बघत नाही असं पाहून, ओठात ठेवला. या वयात मी काय करते आहे असा विचार आला, पण तो बोलून दाखवायची सोय राहिली नव्हती.

परिचारिकेने मावशीला आत सांगितलं की तुमची भाची आली आहे. झालं. भाच्या दोन आहेत, पण मावशीला एकच दिसली. मी डबा तिच्या मांडीवर ठेवला, झाकण तिने हाताने चाचपलं, आणि म्हणाली, आलीस, बरं झालं, त्या दिवशी माझं अर्धं राहिलं होतं. मला सांगायचं होतं की मी ती नव्हे. तोंड उघडलं असतं तर स्क्रू फरशीवर गेला असता. तेवढ्यात तिने सुरुवात केली.

पहिलं अर्धं तुला माहीत आहे, तरी लिहिते, कारण तुझ्या माहितीवर माझा भरवसा नाही. तू झालीस आणि आई छातीच्या आजाराने दवाखान्यात गेली. तुला आजीने ठेवलं, मला मावशीने. तेव्हा मावशीचं लग्न व्हायचं होतं. आई बरी होऊन आली, तर मी मावशीच्या पदराआड लपले आणि तिलाच आई म्हणाले. पुढे घरी आणलं तरी रोज दाराशी उभी राहून तिच्याकडे जायला रडायचे. आईने खूप दिवस सोसलं. मग एक दिवस ती मावशीला म्हणाली की ही माझी होत नसेल तर तुझीही होऊ देणार नाही. आणि मला अशा ठिकाणी ठेवलं जिथे दोघींपैकी कुणालाच मी मिळणार नव्हते. मावशीने भेटायला यायचं नाही, अशी शपथ घातली.

मावशी हे सगळं तुझी ताई, तुझी ताई म्हणून सांगत होती. आपल्याबद्दल दुसऱ्याने बोलावं आणि आपण लाईनवर गप्प बसावं, ही माझी नोकरी होती. पण बोलणं माझ्याबद्दल असं कधी झालं नव्हतं.

आता दुसरं अर्धं. हे तुला माहीत नाही. हे फक्त मला सांगितलं, जरी तुला म्हणून सांगितलं तरी.

रविवारी आम्हा मुलींना दोन-दोनच्या रांगेने चर्चकडे नेत. मावशी समोरच्या फुटपाथवर, घड्याळजीच्या छपरीखाली उभी राहायची. भेटायचं नाही अशी शपथ होती, बघायचं नाही अशी नव्हती. मी कुठल्या बाजूला असायचे, माझा हात कुणाच्या हातात असायचा, कुठल्या वर्षी माझी उंची एकदम वाढली, सगळं तिला माहीत आहे. एकदा माझ्या बुटाची नाडी सुटली होती, ती ओरडून सांगणार होती, तिने तोंडावर हात धरला. मी कधी तिकडे पाहिलं नाही. सिस्टरनी सांगितलं होतं की नजर समोर ठेवा, आणि मी वर्गात पहिली होते. लग्न होऊन ती दुसऱ्या गावी गेली तेव्हाच ते थांबलं.

पुढे म्हणाली की हे ताईला सांगू नकोस. दोन बायका तिच्यासाठी भांडल्या हे कळलं तर तिचं नाक आणखी वर जाईल. तशीही ती मला दुरुस्त करत असते. आणि मग विचारलं की ती पुन्हा येईल असं तुला वाटतं का.

मी थांबले. प्राध्यापिका म्हणते तेवढी थांबले, त्याहून जास्त थांबले. तिचा हात धरला. ती म्हणाली, बारके, आज तुझा हात गार आहे. एवढ्यावर निघाले. फाटकाबाहेर येईपर्यंत स्क्रू तोंडात होता, मग तो पुन्हा रुमालात बांधला.

रात्रभर जळले, आणि कुणावर ते ठरवता येईना. आईवर म्हणावं तर ती माझ्याच पायी जळली होती. इतकी वर्षं मला वाटत आलं की आपल्या घरात जळणारी मी एकटी. तर ते मला आईकडूनच आलेलं आहे, आणि तूही पेटीच्या फटीशी तेच करत बसली होतीस. हे तक्त्यात कुठल्या चौकटीत घालतात ते मलाही माहीत नाही.

अभ्यासक्रमात नाव पुन्हा घातलं. ज्याने स्वार्थाबद्दल विचारलं त्याला उत्तर लिहिलं की प्रश्न योग्य होता. त्याने उलट लिहून ओळख दिली, तो खलाशी निघाला. शाळेच्या कारणापुढे आता दोन ओळी आहेत, एक आईची, एक मावशीची. दोघी तिथे होत्या आणि दोघींचा त्यात स्वार्थ होता. पाट्यांची गोष्ट मी खोडलेली नाही. पाट्या मी खरंच वाचायचे. तुझ्या कोऱ्या जागेत काय लिहायचं ते मी सांगीन, फुटपाथचं मात्र लिहू नकोस. चर्चेच्या पानावर ते मी लिहिणार आहे, आणि बघू लोक खिळ्याचं वाचतात की त्याचं.

आता कामाचं. मावशीचा चष्मा तयार झाला की टपालाने पाठवू नकोस, परिचारिकेकडेही देऊ नकोस. मी तुमच्या दुकानात येऊन नेते. तिच्या नाकावर तो मी स्वतः चढवणार आहे, म्हणजे समोर कोण बसलं आहे ते तिला दिसेल. मग ती येईल का, या प्रश्नाचं उत्तर तिला वेगळं द्यायला नको.

तू त्या दिवशी येऊ नकोस. हे मी रागाने लिहीत नाही. उशी तू दिलीस, बिस्किटं तू देतेस, काडीही तूच बसवलीस. हा एक दिवस मला दे.

पुढच्या गुरुवारी ये. डबा मी आणीन.

स्क्रू परत पाठवत नाही. मला लागेल.

लोभ आहे. वाटून घ्यायची सवय नाही, पण शिकते आहे.

तुझी
ताई